दीड माप

साजिरो सैबेरियातल्या लढाईवरून परत आला तेव्हा त्याची दहाही बोटं जागेवर होती. पण उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं तिथल्या थंडीनं मेली होती. त्या हातानं चाप ओढता यायचा, कुऱ्हाड धरता यायची. मसुराच्या दाण्याएवढी, दारूला ठिणगी देणारी तांब्याची टोपी काडतुसाच्या बुडात बसवणं मात्र काही केल्या जमायचं नाही. टोपी निसटायची, चटईच्या फटीत जायची, आणि नवराबायको दोघं गुडघ्यांवर रांगत ती शोधायची. तिसऱ्यांदा शोधून झाल्यावर किनो म्हणाली, "आणा इकडे."

"वेडी आहेस का?"

"आणा म्हणते ना."

तेव्हापासून तीन हिवाळे साजिरोची काडतुसं किनोच भरत होती. ही गोष्ट घराबाहेर जाण्यासारखी नव्हती. साजिरो मातागी होता, म्हणजे टोळीनं डोंगरात जाऊन अस्वलं मारणाऱ्यांपैकी एक. मातागींच्या घरात बाईनं बंदुकीला हात लावायचा नाही, आणि शिकारीच्या दिवसांत देवीच्या देवळापलीकडे पाऊल टाकायचं नाही. डोंगराची देवी बायकांवर जळते. ती दिसायला चांगली नाही, म्हणून तर तिला खूश करायला तिच्याहून कुरूप अशी वाळवलेली मासळी दाखवतात.

सासू तोरा या तीन वर्षांत शेजारी बसून घेवडा निवडत असायची. "मला काही दिसत नाही हो," ती म्हणायची, "माझे डोळे गेलेत." आणि घेवड्यातला तिळाएवढा खडा नेमका उचलून बाहेर फेकायची.

त्या तीन हिवाळ्यांत साजिरोनं सात अस्वलं पाडली. उत्तर जपानातल्या आकिता प्रांताच्या त्या कोपऱ्यात एवढी कुणाची नव्हती.

बंदूक सासऱ्यांची होती. 'मुराता अठरा' तिचं नाव, कारण ती मुराता नावाच्या अधिकाऱ्यानं मेजी राजवटीच्या अठराव्या वर्षी केलेल्या नमुन्याची. त्याआधी देशाच्या फौजेकडे इंग्रजी, फ्रेंच, मिळतील त्या देशांच्या बंदुका होत्या, आणि एका पलटणीची गोळी दुसरीच्या नळीत बसायची नाही. ही तोक्योच्या कारखान्यात घडवलेली. गोळी पुढून ठासायची नाही. मागचा लोखंडी अडसर उचलून ओढायचा, काडतूस आत सरकवायचं, अडसर पुढं लोटून आडवा पाडायचा. चीनच्या लढाईला ती कुणाच्या तरी खांद्यावरून गेली. मग फौजेला एका दमात पाच गोळ्या झाडणाऱ्या बंदुका मिळाल्या आणि हिच्यासारख्या हजारो लोकांना विकल्या गेल्या. विकण्याआधी तिच्या नळीतले आटे खरवडून नळी आतून गुळगुळीत केली होती आणि वरचं बादशाही शिक्क्याचं फूल कानशीनं घासून टाकलं होतं. तिथं आता अंगठ्याएवढा उघडा, चकचकीत डाग होता. दस्त्यावर चाकूनं मारलेल्या नऊ रेघा होत्या. कुणा शिपायानं काय मोजलं होतं, दिवस की माणसं की नुसते मुक्काम, कळायला मार्ग नव्हता. सासऱ्यांनी त्या रेघांत कधी दहावी मारली नाही. "ज्याचा हिशोब त्याच्याबरोबर गेला," म्हणायचे.

किनोला या बंदुकीचं एक आवडायचं. ती तिला समजायची. अडसर पुढं लोटला की मागं एकच दार, आणि ते दार धरून ठेवणारी एकच मूठ. बाकी सगळा जोर पुढच्या तोंडाकडून बाहेर.

बंदुकीची दारू पूर्वीपासून काळी. तिचा एक दोष होता, आणि तो गेल्या वसंतात टोळीतल्या कानसुकेच्या खांद्यावर उमटला होता. काळी दारू उडाली की नळीपुढं पांढऱ्या धुराचा ढग उभा राहतो. दोन श्वास तरी पलीकडे काय झालं ते दिसत नाही. साजिरोनं गोळी झाडली, ढग उभा राहिला, आणि अर्धमेलं अस्वल त्या ढगातून निघून उताराला लागलं ते थेट खालून हाकारा करत येणाऱ्या कानसुकेवर. कानसुके वाचला. पण त्याचा डावा हात त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही, आणि साजिरो दिसला की तो हात मुद्दाम दुसऱ्या हातानं उचलून दाखवायचा. "बघ, एवढाच. तुझ्या धुराची कृपा."

म्हणूनच साजिरो तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी दोन दिवस चालत जाऊन पलटणीतल्या एका जुन्या सोबत्याकडून चहाच्या डब्यात नवी दारू घेऊन आला. बिनधुराची. करडी-हिरवी, बारीक चकत्या असलेली. सुकलेल्या पानांचा चुरा असावा तशी. सोबत्यानं डबा दिला, गप्पा मारल्या, साके पाजली. मापाचं ना यानं विचारलं, ना त्यानं सांगितलं.

घरी आल्यावर साजिरोनं तिची परीक्षा घेतली. ही परीक्षा गावात सगळेच घ्यायचे: आगटीतला चिमटा घ्यायचा, त्यावर चिमूटभर दारू ठेवायची आणि निखारा लावायचा. चांगली दारू डोळा मिटायच्या आत फक्कन उडते. ओली किंवा भेसळीची फुरफुरते.

नवी दारू उडालीच नाही. पिवळी ज्योत करून निवांत जळत राहिली, मेणबत्तीसारखी.

"ओली आहे," साजिरो म्हणाला. त्याचं तोंड उतरलं. "दोन दिवस बर्फातून आणली."

"धूर मात्र खरंच नाही," किनो वाकून बघत होती. "राखही नाही. सगळी गेली."

"जळायला एवढा वेळ घेते तर ढकलणार काय?"

"पण पलटणीत हीच वापरतात ना? कमजोर असती तर कशाला वापरली असती?"

"तिथल्या बंदुकाही वेगळ्या आणि तिथला धान्यापासूनचा सगळा हिशोबही वेगळा," साजिरो म्हणाला. मग थोडा विचार करून, "दीड माप घाल."

माप हरणाच्या शिंगाचं होतं, सासऱ्यांनी कोरलेलं, काळ्या दारूसाठी. किनोनं दीड माप घातलं. पितळी नळकांडं गळ्यापर्यंत भरलं. वर लोकरीची चकती, तिच्यावर शिशाची गोळी, आणि कडेनं मेण. अशी पाच काडतुसं तिनं भरली. आपला प्रश्न अर्धवटच राहिला, हे तिच्या लक्षात होतं. पण मोहिमेची तयारी बाकी होती.

भरताना चटईवर नखभर दारू सांडली होती. दारू महाग. किनोनं ती पिसानं गोळा केली, बोटभर लांबीच्या बांबूच्या पेरात घातली, ठिणगी पडू नये म्हणून तोंडाला चकती गच्च ठोकली आणि आगटीवरच्या फळीवर उबेला ठेवली. ओली होती ना.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहा जण डोंगराकडे गेले. वसंतातलं बर्फ रात्रीच्या गारठ्यानं दगडासारखं झालं होतं, वर चालायला सोपं. दिवस वर आला, किनोनं मिसोचं सार उतरवलं, किटली टांगली. तोरानं किटली जरा वर घ्यावी म्हणून आकड्याची दोरी ओढली, तिचा कोपर फळीला लागला, आणि बांबूचं पेर निखाऱ्यांत पडलं.

किनो चिमट्याकडे हात नेणार तोच धडाका झाला.

तिला पहिल्यांदा दिसलं ते छत, कारण ती पाठीवर पडली होती. राख घरभर उडत होती. किटली आकड्यावरून निघून दाराशी जाऊन पडली होती आणि तिची चोच आत दबली होती.

"सूनबाई," तोराचा आवाज आला, "मी मेले का गं?"

"नाही, आई. किटली मेली."

"मग ठीक." तोरा राखेतून उठून बसली, केस झटकले. "काय होतं ते?"

किनो निखाऱ्यांकडे बघत होती. राख होती, पण धूर नव्हता. जराही नाही. आणि दारू होती नखभर. काळी दारू एवढी बांबूत कोंडली असती तर फट् झालं असतं, निखारे विस्कटले असते, एवढंच. भरलेली लोखंडी किटली सहा हात उडाली नसती.

तीच दारू. चिमट्यावर मोकळी ठेवली तर मेणबत्ती. बांबूत कोंडली तर हे.

ओली नव्हती ती. कमजोरही नव्हती. ती कोंडली जाण्याची वाट बघत होती, बस. आणि आपण ती पितळेत कोंडली, वर लोकर ठोकली, वर शिसं बसवलं. नखभर नाही, दीड माप. मागं एकच दार. ते दार साजिरोच्या उजव्या डोळ्यापासून वीतभर.

तिनं हे सगळं सासूला सांगितलं, एका श्वासात. तोरानं पहिल्यांदाच डोळे गेल्याचं सोंग सोडलं.

"गावात पुरुष कोण उरलाय?"

"गोनसाकूआजोबा."

"त्याला दार दिसत नाही, डोंगर काय दिसणार." तोरानं मांडीवरची राख झटकली. "देवळापलीकडे गेलीस तर शिकार मोडेल. साजिरोला टोळीतून काढतील. तू दारू भरतेस हे कळलं तर आपल्याशी चूल-पाणीही ठेवणार नाहीत."

"हो."

"आणि नाही गेलीस तर…" तिनं वाक्य सोडून दिलं. मग भिंतीवरचे गवती बूट काढून किनोच्या पुढं टाकले. "दोऱ्या घट्ट बांध. वाटेत सुटल्या तर बसून बांधायला वेळ नाही."

देऊळ म्हणजे जुन्या सुरूखाली लाकडी पेटीएवढी जागा आणि वाटेवर आडवी बांधलेली गवताची दोरी. किनो तिथं पोचली तेव्हा तिच्या छातीत भाता चालला होता. सहा माणसांची पावलं दोरीच्या पलीकडे गेलेली बर्फात स्पष्ट दिसत होती. तिनं हात जोडले. ती म्हणाली, "रागवायचं तर माझ्यावर रागव," आणि दोरीखालून वाकून गेली.

तिला साजिरोपर्यंत जायचं नव्हतं, तो फार वर होता. टोळी कशी उभी राहते हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. हाकारे खालून ओरडत अस्वलाला वर हाकतात. बंदूकवाले वर खिंडीत लपून थांबतात. आणि म्होरक्या उभा राहतो दरीच्या अलीकडच्या उतारावर, समोर, जिथून सगळा डोंगर हातावर ठेवल्यासारखा दिसतो. अस्वल कुठं वळलं ते बंदूकवाल्याला दिसत नाही. तो म्होरक्याच्या खुणांकडे बघतो आणि तसं करतो.

म्होरक्या मोहेई सत्तरीचा होता. अंगावर कुत्र्याचं कातडं, हातात लांब काठी. किनोची पावलं ऐकून त्यानं मान वळवली, बघितलं, आणि लगेच तोंड समोर फिरवलं.

"मोहेईकाका…"

तो पाठ करूनच बोलला. "डोंगरात मी बाईशी बोलत नाही. मागं कुणी नाहीये. वारा आहे. वाऱ्याला काय सांगायचं ते त्यानं लवकर सांगावं, हाकारा सुरू झालाय."

खालून आरोळ्या येत होत्या. हो-रे, हो-रे. दरीपलीकडे, पांढऱ्या उतारावर, एक काळा ठिपका तिरका वर चढत होता. त्याच्या बराच वर, दोन खडकांमध्ये, दुसरा ठिपका होता, स्थिर. तो साजिरो.

"त्यांच्या काडतुसात नवी दारू आहे. दीड माप. गोळी झाडली तर बंदूक मागून फुटेल. त्यांच्या तोंडावर."

"साजिरो पोर नाही. दारू जाळून बघितली असेल त्यानं."

"बघितली. मंद जळाली म्हणून तर जास्त घातली. पण ती मोकळी मंद जळते, काका. कोंडली की… नखभर दारूनं माझी किटली दारापर्यंत फेकली. आत्ता, सकाळी."

मोहेईनं पलीकडच्या उतारावरचं अंतर नजरेनं मोजलं. अस्वल खडकांच्या खाली शंभर पावलांवर आलं असावं.

"मापाची खात्री कुणाला?"

इथं ती थांबली. अजून "साजिरोनं सांगितलं" म्हणता आलं असतं.

"मला. मी भरली."

कुत्र्याच्या कातड्याखाली म्हाताऱ्याचे खांदे जरा हलले. "आजच?"

"तीन हिवाळे."

आरोळ्या जवळ आल्या होत्या. किनोला वाटलं तो आता ओरडेल, शिव्या देईल. मोहेई समोर बघत राहिला. अस्वल आता ऐंशी पावलांवर. त्यानं खूण केली तर साजिरो हातात बंदूक असून नसल्यासारखा अस्वलापुढं उभा राहणार. नाही केली तर साजिरो चाप ओढणार. त्या दोन्ही गोष्टी मोहेईच्या एका काठीवर होत्या, आणि त्याला खात्री कुठलीच नव्हती. होती ती एका बाईची किटली.

त्यानं काठी टाकली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले आणि मटकन खाली बसला. गोळीच्या वाटेत माणूस आला की करतात ती खूण: झाडू नको, खाली घे, हलू नको.

दरीपलीकडचा स्थिर ठिपका स्थिरच राहिला. मग त्याच्यापासून एक बारीक काळी रेघ खाली झुकली. नळी.

अस्वल वर चढत गेलं. दोन ठिपके जवळ आले, इतके की किनोला ते एकच वाटले. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले तर पुन्हा उघडता येणार नाहीत असं तिला वाटत होतं. मग एक ठिपका खडकांच्या वर निघाला, खिंड ओलांडून पलीकडे दिसेनासा झाला. दुसरा तिथंच होता. उभा.

मोहेईनं श्वास सोडला. "वाऱ्यानं देवळाखाली जाऊन थांबावं," तो म्हणाला. "दोरीच्या अलीकडे."

टोळी तासाभरानं उतरली. सर्वांत पुढं कानसुके. किनोला बघून तो जागीच थांबला, आणि तिची पावलं दोरीपलीकडून आलेली बघून त्याचा चेहरा लाल झाला.

"असं आहे तर! एवढं जनावर बंदुकीपुढून चालत गेलं, का, तर वहिनींना करमेना!"

"तोंड सांभाळ," साजिरो मागून म्हणाला. तो पांढराफटक दिसत होता. किनोकडे त्यानं एकदाच बघितलं.

मोहेई दोरीखालून अलीकडे आला. "इथं गाव लागतं," तो म्हणाला. "इथं मी बाईशी बोलतो. किनो, सांग सगळ्यांना."

तिनं सांगितलं, तीन हिवाळ्यांसकट. साजिरो जमिनीकडे बघत होता. हाकाऱ्यांपैकी एकानं कुजबुजत देवीचं नाव घेतलं. कानसुकेनं मात्र हात पुढं केला. "काडतूस दे. बघू तरी हा राक्षस."

साजिरोनं चाकूनं मेण खरवडून गोळी काढली, चकती उपसली. करडी-हिरवी दारू कानसुकेच्या तळहातावर आली. त्यानं एक चिमूट दगडावर ठेवून आगपेटीची काडी लावली. सगळे वाकले.

पिवळी ज्योत. निवांत. जळत राहिली.

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. "हिच्यावर भातही शिजायचा नाही!" कानसुकेनं दुखरा हात दुसऱ्या हातानं उचलून कपाळाला लावला. "साजिरो, आता असं कर. उरलेली झाड बघू एक. वर आभाळात झाड. फुटली तर मी घेऊन देईन नवी बंदूक."

साजिरोनं बंदूक खांद्यावरून उतरवली. त्याच्या चेहऱ्यावरून किनोला कळलं की तो झाडेल. तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि त्यानंही तेच बघितलं होतं, घरी, स्वतःच्या चिमट्यावर.

"थांबा," ती म्हणाली. "भावजी, तुमच्याजवळ काळी दारू आहे?"

"आहे. खरी आहे."

"एक नखभर द्या. आणि दोन रिकामी नळकांडी. काका, तुमचं भात शिजवायचं भांडं लागेल."

"माझं भांडं?" मोहेई दचकला. "ते माझ्या बापाचं आहे."

"फुटणार नाही. बहुतेक."

तिनं दोन नळकांडी शेजारी ठेवली. एकात कानसुकेची काळी, दुसऱ्यात साजिरोची नवी, दोन्ही एकाच नखानं मोजून. दोन्हींवर एकसारखी चकती, आणि दोन्ही चकत्या तिनं कानसुकेलाच अंगठ्यानं दाबायला लावल्या, म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको. बर्फात खळगा करून निखारे केले. पहिलं नळकांडं, काळीचं, निखाऱ्यांत. वर उपडं भांडं. सगळे सुरूमागं गेले.

ठप्प. भांड्याच्या कडेनं पांढरा धूर आला. भांडं बोटभर उचललं गेलं आणि पुन्हा बसलं.

"हं," कानसुके म्हणाला.

दुसरं नळकांडं. पुन्हा सगळे झाडामागं.

हा आवाज वेगळा होता, कोरडा, फांदी मोडल्यासारखा. भांडं छातीच्या उंचीवर गेलं, उताराला लागलं आणि ठणठणत खाली पळत सुटलं. सुरूच्या सालीत पितळेचा एक तुकडा घुसला होता. धूर नव्हता.

बराच वेळ फक्त भांड्याचा आवाज येत होता, लांब लांब जाणारा.

कानसुके खाली गेला आणि भांडं घेऊन वर आला. काठावर पोचा आला होता. तो त्यानं बोटानं चाचपला, मग साजिरोच्या बंदुकीच्या अडसराकडे बघितलं, मग साजिरोच्या डोळ्याकडे. साजिरोनं एक एक करून उरलेली चार काडतुसं उघडली आणि दारू परत डब्यात ओतली. त्याच्या मेलेल्या बोटांतून एक गोळी निसटली तेव्हा ती कानसुकेनं उचलून दिली.

"आता नियम," हाकाऱ्यांपैकी एक जण म्हणाला. "ती दोरीपलीकडे गेली, हे तर खरं."

"खरं," मोहेई म्हणाला. "डोंगर आठ दिवस बंद. सगळ्यांनी शुद्धीसाठी सात-सात घागरी गार पाणी डोक्यावर घ्यायचं. मीही."

आठ दिवसांत बर्फ सडून भुसभुशीत होणार हे सर्वांना माहीत होतं. म्हणजे या वसंतातली शिकार गेली.

"आणि गोळ्या? तीन वर्षं बाईच्या हातच्या गोळ्या?"

"त्याच गोळ्यांनी सात अस्वलं पडली."

"देवीला माहीत नव्हतं म्हणून."

मोहेईनं त्याच्याकडे बघितलं. "हा सगळा डोंगर तिचा. कोणत्या बिळात कुणाला पिल्लं झाली ते तिला कळतं. आणि साजिरोच्या घरात काय चालतं ते कळलं नाही, असं म्हणतोस?" त्यानं पोचा आलेलं भांडं पाठीवर बांधलं. "तीन वर्षं ती गप्प होती. तिच्या वतीनं बोलायला मला कुणी सांगितलेलं नाही. तुला सांगितलं असेल तर बोल."

त्या माणसानं मान खाली घातली. पण उतरताना कुणी किनोबरोबर चाललं नाही. ती पुढं, आणि पुरुष पन्नास पावलं मागं.

दुपारी साजिरो ओढ्यावर पाणी घ्यायला गेला. बर्फाखालून वाहणारं पाणी. किनो घागर भरून द्यायची आणि तो डोक्यावर ओतायचा. तिसरीनंतर त्याचे दात वाजायला लागले, चौथीनंतर तो बोलायला लागला.

"खूण दिसली तेव्हा मी समोर बघितलं. माणूस नव्हता. नुसतं अस्वल."

"मग?"

"मग काय. खूण आहे म्हणजे असेल माणूस, मला दिसत नसेल." त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "इतक्या जवळून गेलं की त्याच्या अंगाचा वास आला. ओल्या पाल्याचा. मी श्वास धरून उभा. वाटलं, म्हातारा खुळावला."

"आणि मी ओरडले असते तर? दरीतून. झाडू नका म्हणून?"

ती घागर धरून उभी होती. पाणी जड होतं, पण तिला घाई नव्हती.

"तुझा आवाज आला असता," साजिरो सावकाश म्हणाला, "तर आधी अस्वलावर गोळी झाडली असती. मग बघितलं असतं, तुला काय झालं ते."

किनोनं मान हलवली. खरं होतं ते. तिलाही तसंच वाटलं होतं, म्हणून तर ती मोहेईकडे गेली होती.

"किती झाल्या?" त्यानं विचारलं.

"चार."

"पाच झाल्या असतील."

"चारच," ती म्हणाली आणि घागर पुढं केली.